कुंपणाचा अशोक, अंगावरून जाणं आणि न केलेली सोनोग्राफी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ४४ वर्षांच्या असून तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतात. गेल्या सात-आठ महिन्यांपासून त्यांना पाळीत फार जातं. आठ-नऊ दिवस पाळी चालते, गाठी पडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन तासांत पॅड भरतं. वर्गात फळ्याकडे वळतानाही साडीची धास्ती असते. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली आणि जाता जाता म्हणाले, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाकलेली बरी." त्या वाक्याने घाबरून त्यांनी सोनोग्राफी केलीच नाही. सासूबाई म्हणतात, कशाला ऑपरेशन? कुंपणाला अशोकाची रांग उभी आहे, तिची साल उकळून घे. दीड महिना त्या तो काढा घेत आहेत आणि सोबत दुकानातून आणलेलं अशोकारिष्टही. थोडा फरक वाटतो, पण खात्री नाही. त्या विचारतात, "आयुर्वेदावर विश्वास ठेवून वर्षभर थांबू, की ऑपरेशन करून मोकळी होऊ? माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही पाळीत जास्त जातं, तिलाही काढा सुरू करू का?"

ताई,

आधी झाडाबद्दल बोलू, कारण तिथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय की ही झाडं खांबासारखी सरळ उंच गेली आहेत, पानं लांब आणि चकचकीत आहेत, त्यांच्या कडा लाटांसारख्या मुडपलेल्या आहेत आणि पावसाळ्यात खाली पडणारी काळी-जांभळी फळं वटवाघळं खातात. म्हणजे तो औषधातला अशोक नाही. ते सीताफळाच्या कुळातलं वेगळंच झाड आहे. शास्त्रीय नाव मोनून लाँगिफोलियम, जुन्या पुस्तकांत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. शाळा, बंगले, मंगल कार्यालयं, कुठेही रांगेने लावलेलं दिसतं ते हेच. लग्नाच्या कमानीला याचीच पानं बांधतात. सगळे त्याला अशोकच म्हणतात, त्यामुळे तुमची किंवा सासूबाईंची चूक झाली असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या सालीतली रसायनं निराळी आहेत आणि पाळीच्या रक्तस्रावावर ती द्यावी असं आयुर्वेदात कुठे सांगितलेलं नाही. तेव्हा तो काढा आजच बंद करा.

औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, साराका असोका. तो चिंच-बहाव्याच्या कुळातला, मध्यम उंचीचा आणि डेरेदार. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि मऊ, खाली लोंबणारी. माघ-फाल्गुनापासून फुलांचे गुच्छ येतात ते फांद्यांवर आणि थेट जुन्या खोडावरसुद्धा. आधी पिवळट केशरी असणारी फुलं पुढे लाल होत जातात. त्यांना पाकळ्या नसतात, आपल्याला पाकळ्या वाटतात ती रंगीत निदलं असतात आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर येतात. नंतर चपट्या शेंगा धरतात. कुंपणाच्या झाडाला तारेसारखी हिरवट फुलं येतात, ती पानांत लपून जातात. त्यामुळे उभं झाड समोर असेल तर दोन्हींत गोंधळ व्हायचं कारण नाही. गोंधळ होतो तो वाळलेल्या सालीत. तुकडे केलेली साल नुसत्या नजरेने ओळखणं माहीतगार माणसालाही अवघड जातं.

आणि इथे बाजाराचा प्रश्न येतो. खरा अशोक आपल्याकडे कोकणात, गोव्यात आणि सह्याद्रीच्या ओलसर, झऱ्याकाठच्या रानात होतो. सालीसाठी त्याची इतकी तोड झाली की निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद धोक्यातल्या झाडांत झाली आहे. साल काढायची म्हणून खोड सगळ्या बाजूंनी सोललं की झाड मरतं. मागणी मोठी आणि झाडं कमी, म्हणून बाजारातल्या सालीत भेसळ होते. तपासलेल्या नमुन्यांत कुंपणाच्या अशोकाची आणि सालवृक्षाचीही साल सापडलेली आहे. म्हणून मोकळी साल किंवा पिशवीतली बिननावाची भुकटी घेऊ नका, ती विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.

मी आयुर्वेद शिकले आहे आणि या झाडावर माझा जीव आहे. त्यामुळे त्याची बाजूही नीट सांगते. चरकसंहितेत अशोक वेदना शमवणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात येतो. पुढच्या काळातल्या चक्रदत्तासारख्या ग्रंथांत रक्तप्रदरावर, म्हणजे तुमच्यासारख्या तक्रारीवर, अशोकाच्या सालीने सिद्ध केलेलं दूध थंड करून द्यायला सांगितलं आहे. भैषज्यरत्नावलीत अशोकारिष्ट आलं. त्यात अशोकाची साल मुख्य, सोबत गूळ, धायटीची फुलं, सुंठ, जिरे, नागरमोथा, दारुहळद, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा, चंदन अशी द्रव्यं असतात. साल तुरट आणि कडू, गुणाने थंड. तिच्यातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांमुळे ती आकुंचन आणते. कित्येक पिढ्यांच्या वैद्यांनी ती वापरली आणि त्यांना गुण दिसला, हे मी हलकं मानत नाही. मात्र मोठ्या संख्येने स्त्रियांवर केलेल्या काटेकोर चाचण्यांचा आधार अजून तुटपुंजा आहे. तेव्हा योग्य रुग्णाला, योग्य निदानानंतर ते साहाय्यक औषध म्हणून देता येतं, याहून मोठा दावा मी करणार नाही.

"योग्य निदानानंतर" हे शब्द माझ्या पदरचे नाहीत. तुम्ही विचारता, आयुर्वेदावर विश्वास ठेवून थांबू का. पण आयुर्वेदाने थांबायला सांगितलंय कुठे? चरकाने प्रदराचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे सांगितले. शरीरातून रक्त जात असेल तर रोग्याचं बळ, रक्ताचं स्वरूप आणि दोष पाहिल्याशिवाय सरसकट स्तंभन, म्हणजे रक्त अडवणारे उपचार, करू नये, असा वैद्यांचा जुना दंडक आहे. कारण न शोधता साल उकळून पिणं या परंपरेत बसत नाही. त्याला आपल्याकडे दुखणं अंगावर काढणं म्हणतात, आणि बायका ते वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

तुमच्या प्रश्नातली दुसरी गोष्टही मला मान्य नाही. काढा किंवा ऑपरेशन, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. तुम्ही अजून रस्त्याला लागलेल्याच नाही, कारण रक्त का जातंय हे कुणी पाहिलेलं नाही. ४४व्या वर्षी इतकं जाण्यामागे गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ असू शकते, आतल्या अस्तरातला छोटा पॉलिप असू शकतो, गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर शिरून ती सुजल्यासारखी झालेली असू शकते, म्हणजे ॲडिनोमायोसिस. थायरॉइड कमी असू शकतं. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर बीज वेळेवर न सुटल्याने अस्तर जाड होत गेलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा तांबी हेही कारण असतं. क्वचित अस्तरात कर्करोगाकडे झुकणारे बदल असतात, आणि ते वेळेत सापडले तर उपचार चांगले आहेत. यातलं बहुतेक काही जीवघेणं नाही. पण यातलं कुठलं आहे हे सालीला कळत नाही आणि मलाही पत्रावरून कळणार नाही.

"या वयात असं व्हायचंच" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. पाळी जाताना ती मागेपुढे होते, कधी महिना चुकतो, हे खरं. पण सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी आणि दोन तासांत भरणारं पॅड हे वयाच्या नावावर ढकलायचं नसतं. त्यात स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, तुमचं साडेआठ आहे. जिन्यावर धाप लागते, चौथ्या तासाला डोकं दुखतं असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण दगदग असेल, पण निम्मं तरी रक्तात आहे. लोहाचा उपचार आजपासून सुरू व्हायला हवा, बाकी निदान होईपर्यंत त्याने थांबायचं कारण नाही.

आता थोडा फरक वाटतो त्याबद्दल. तो खरा असू शकतो, अशोकारिष्टाचा असू शकतो, किंवा नुसता योगायोग असू शकतो. या वयात एक पाळी भरपूर आणि पुढची हलकी असं आपोआपच होतं, त्यामुळे एक-दोन पाळ्यांवरून काहीच ठरवता येत नाही. वहीत लिहायला लागा: पाळी कधी सुरू झाली, किती दिवस चालली, रोज किती पॅड, गाठी किती मोठ्या, मधल्या दिवसांत डाग लागला का. ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि वैद्यांनाही, आणि पुढच्या उपचाराचा गुण मोजायला तुमच्या हाताशी काहीतरी राहतं.

करायचं काय ते सांगते. रक्ताची तपासणी या आठवड्यातच करा, त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हवं. पाळी चुकली असेल किंवा नेहमीसारखी आली नसेल तर गर्भधारणेची साधी चाचणीही करा, ४४व्या वर्षी ती शक्यता संपलेली नसते. सोनोग्राफी पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत करून घ्या, तेव्हा अस्तराची जाडी नीट मोजता येते. ती योनीमार्गे करायची असेल तर संकोच वाटेल, पण आतलं त्यातच जास्त स्पष्ट दिसतं. बाई डॉक्टर असतील असं केंद्र आधी फोन करून विचारता येतं. चाळिशीनंतर अस्तराचा छोटा तुकडा तपासणीला पाठवायला सांगितलं तर त्याने घाबरू नका, ती गर्भाशय काढण्याची पूर्वतयारी नसते. उलट त्या अहवालामुळे पुष्कळ जणींचं गर्भाशय वाचतं.

डॉक्टरांच्या त्या एका वाक्याने तुम्ही दचकलात, आणि तुमचं दचकणं अगदी बरोबर होतं. तपासणीआधीच पिशवी काढायचा सल्ला देणं मला पटत नाही. आपल्या राज्यात २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न इतका पेटला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अनावश्यक गर्भाशय काढण्यावर नियंत्रणासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. म्हणून तुमची भीती भाबडी नाही. चूक एवढीच झाली की तुम्ही त्या भीतीपोटी सोनोग्राफीवरच फुली मारली, आणि तुमच्या बाजूने बोलू शकेल असा कागद तुमच्याच हातात आला नाही.

गर्भाशय काढण्याआधी बरंच करण्यासारखं असतं. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त जाणं कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र त्या चालत नाहीत. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणंही कमी होतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, ते अनेक वर्षं काम करतं आणि कित्येक जणींची पाळी अगदी हलकी होते. पॉलिप असेल तर दुर्बिणीतून तेवढाच काढतात. फायब्रॉइड असेल तर आकार आणि जागा पाहून ठरवतात, लहान आणि त्रास न देणाऱ्या गाठींना बऱ्याचदा हातही लावत नाहीत. आणि एवढं करूनही गर्भाशय काढणंच योग्य ठरलं, तर ते ऑपरेशन म्हणजे पराभव नव्हे, काही जणींना त्यानंतरच मोकळा श्वास घेता आला आहे. फक्त तेव्हा हे विचारा: अंडाशय ठेवणार का? ते विनाकारण काढले तर पाळी जाण्याचे त्रास एका दिवसात अंगावर येतात, हाडं आणि हृदय यांनाही त्याची झळ लागते. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. कुणी त्याबद्दल नाराज झालं तर होऊ द्या.

अशोकाला यात जागा आहे का? आहे. निदान झालं, गंभीर कारण नाही असं कळलं, की नोंदणी असलेल्या वैद्यांकडे अहवाल घेऊन जा. अशोकारिष्ट तुमच्या प्रकृतीला चालेल की सालीचा क्षीरपाक, म्हणजे वर सांगितलेलं सालीचं दूध बरं, की तुमच्या प्रकारात अशोकापेक्षा दुसरं काही हवं, हे ते ठरवतील. अशोकारिष्टात गूळ भरपूर असतो, म्हणून साखर वाढलेली असेल तर आधी सांगा. आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं साधारण पाच ते दहा टक्के मद्यही त्यात असतं, तेव्हा यकृताचा आजार असेल किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घेऊ नये. दिवस राहिल्याची शंका असेल तर अजिबात नको. बाटलीवर परवाना क्रमांक आणि द्रव्यांची यादी नीट वाचा, त्यात साराका असोका हे नाव दिसायला हवं. आणि लोहाची गोळी व तुरट औषध एका वेळी घेऊ नका, टॅनिनांमुळे लोह अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन तास जाऊ द्या. चहाचंही तसंच. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर जास्त उपयोगी पडते.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांबद्दल सांगा. बायका हे लपवतात, कारण एका ठिकाणी बोलणी बसतील अशी भीती असते. बसली तरी ऐकून घ्या, पण लपवू नका.

सासूबाईंचं काय, असं तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण प्रत्येक परिच्छेदात त्या आहेत. त्यांना तुमचं ऑपरेशन होऊ नये असं वाटतं आणि त्यामागे माया आहे हे तुमच्याच शब्दांतून दिसतं. त्यांच्या तरुणपणी साल काष्ठौषधींच्या दुकानातून येत असेल, ती पारखून देणारा जाणता माणूस तिथे असेल. म्हणून त्यांना "तुमचं चुकलं" म्हणू नका. त्यांना घेऊन एकदा खरा अशोक पाहायला जा. कृषी विद्यापीठाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेत तो बऱ्याचदा मिळतो. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोककलिका प्राशन पंचांगात लिहिलेलं असतं, ते त्यांना माहीत असेल. ती कळी कुठल्या झाडाची, हे झाड बघितल्यावर त्यांच्या लगेच लक्षात येईल. अंगणात सावली आणि पाणी असेल तर एक रोप लावा. सालीसाठी नव्हे, त्या झाडाची आपल्याकडे जी वाताहत झाली आहे त्यासाठी. आणि तपासणीला जाताना त्यांनाच सोबत न्या. ज्यांच्या विरोधाची तुम्हाला भीती आहे त्या सासूबाईच डॉक्टरांसमोर बसून ऐकतील तर घरात निम्मं काम होईल. यजमानांशी हे बोलायला संकोच वाटतो असं लिहिलंय, तर हिमोग्लोबिनचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. तिथून बोलणं सुरू होतं.

थांबायचं नाही अशा वेळाही लक्षात ठेवा. लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड भरत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडून दम लागत असेल, तर रात्र असो की सण, त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेलं, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा डाग लागला, तर लवकरात लवकर तपासणी करायची. हे तुमच्याइतकंच हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या सगळ्या जणींसाठी.

आता तुमची मुलगी. तिला कुठलाच काढा देऊ नका, कुंपणाच्या सालीचा तर नाहीच. आणि अशोकारिष्टसुद्धा तुमच्या बाटलीतून चमचाभर म्हणून नको. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती अनियमित असते, बीज दर महिन्याला सुटत नाही म्हणून कधी जास्तही जातं. पण तिला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, नाकातून वरचेवर रक्त येत असेल, लहानशा धक्क्याने काळे-निळे डाग पडत असतील, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नसेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष तपासावा लागतो, आणि तो घराण्यातही असतो. तुम्हाला स्वतःला शाळकरी वयापासून असंच जायचं का ते आठवून डॉक्टरांना सांगा. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गोठण्याच्या तपासण्या करून घ्या, तिला लोह लागण्याची शक्यता बरीच आहे. तिच्याही पाळीची वही आजच सुरू करून द्या, आणि ज्या दिवशी दवाखान्यात तुमची चिठ्ठी काढाल त्याच दिवशी तिचीही काढा.